नसलेल्या म्हातारीची सोबत

निर्मळची जत्रा उठली की वसईत थंडी येते. नाशिककडे पडते तशी कोरडी थंडी नाही. ही दमट, अंगात मुरणारी. पहाटे केळीच्या पानांवरून पाणी ठिबकत राहतं. बागायतीत कुणीतरी पालापाचोळा पेटवलेला असतो आणि त्याचा धूर रस्त्यावर गुडघाभर उंचीला तरंगत बसतो, वर जात नाही. पापडीला घराघरावर नाताळच्या चांदण्या लागतात. लोकांना हे दिवस आवडतात. मला कधीच आवडले नाहीत, आणि या वर्षी तर सरळ भीती वाटते. सुमन, माझी बायको, पावसात गेली. तिच्याशिवायची ही पहिली थंडी आहे.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिण्याचा आणि माझा संबंध सही करण्यापुरता. पण रात्री झोप येत नाही आणि बोलायला माणूस नाही, म्हणून वही घेतली. कोणाला वाचायची असेल त्याने वाचावी.

सुरुवात मोबाइलमधल्या एका गेमपासून झाली. माझी सून सायली अंधेरीला नोकरी करते. घरी यायला आठ वाजतात. आल्या आल्या कुकर लावते आणि शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला टेकून मोबाइलवर गेम खेळते. एक दिवस मी पाणी प्यायला गेलो तर ती दचकली.

"काय झालं गं?"

"काही नाही बाबा. भुताचा गेम आहे. मेला माझा वॉचमन."

मी चष्मा लावून बघितलं. चित्र म्हणजे नुसते चौकोनी ठिपके. आमच्या वेळी बायका कापडावर टाके मोजून मोर भरायच्या, तसं. निळ्या ठिपक्यांचा शर्ट म्हणजे वॉचमन. पिवळे ठिपके म्हणजे त्याची बॅटरी. चार मजल्यांची बिल्डिंग, सगळीकडे अंधार.

"ह्याने करायचं काय?"

"काही नाही. दर तासाला राउंड मारायचा, दारं बघायची आणि सकाळी सहापर्यंत जिवंत राहायचं."

"एवढंच?"

"एवढंच तर जमत नाही ना बाबा."

मला झोप नाही हे तिला माहीत आहे. तिने तो गेम माझ्या मोबाइलमध्ये घालून दिला. म्हणाली, छताकडे बघत बसण्यापेक्षा हे बरं. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं नाहीत, म्हणून डाव्या अंगठ्याने खेळतो. त्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तिच्यातून काहीतरी बाहेर येतं. ते काय आहे ते दाखवत नाहीत. फक्त लादीवर ओले ठिपके उमटतात. आधी एक. मग दोन. मग तुम्ही ज्या दारासमोर उभे आहात त्या दारासमोर. आणि आवाज, ठप, ठप, असा. मी एकाहत्तर वर्षांचा माणूस, अंथरुणात बसून घामाने भिजतो. दोनच्या पुढे माझा वॉचमन कधी गेला नाही.

तरी मी रोज खेळतो. कारण माझी बायको रात्रपाळीची वॉचमन होती.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. तोंडाने तर मागच्या रविवारपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. अकरा महिने तिने ते काम केलं आणि अकरा महिने मी ते झाकलं. आता मला तिच्याबद्दल एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे. तिला किती भीती वाटायची. ती होती तोवर मी विचारलं नाही. आता विचारायचं कुणाला?

तिने ते काम धरलं ती थंडी अशी. मी तेव्हा वसई पूर्वेला एका गाळ्यात प्रेस मशीनवर होतो. दिवाळीच्या आधी मशीनने बोटं घेतली. हाताला फडकं गुंडाळून घरी बसलो. पोरगा त्या वर्षी गावी आजीकडे शिकायला होता. चाळीतल्या खोलीत आम्ही दोघंच. मी दिवसभर पत्र्याकडे बघायचो आणि कोणी विचारलं की म्हणायचो, बरं वाटतंय. सुमनने कुठून तरी काम शोधलं. निर्मळच्या अलीकडे, फाट्यापासून आत, नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचं हॉस्टेल होतं. मुलींचं म्हणून रात्री बाई गार्ड पाहिजे होती. नऊ ते सात. खाकी पँट, शर्ट, पट्टा, बूट, शिटी, काठी. सगळं तिकडून मिळालं.

ते कपडे तिने घरी आणून खाटेवर पसरले. मी बघत राहिलो. बायकोची पँट. माझ्या डोळ्यासमोर अख्खी चाळ उभी राहिली.

मी म्हणालो, "हे घालून तू इथून निघणार?"

ती म्हणाली, "मग काय घालून निघू? लग्नाचा शालू?"

मी हसलो नाही. मी तिला सांगितलं, काम कर, पण चाळीत कळता कामा नये. तेव्हा मी एक म्हातारी तयार केली. निर्मळच्या बाजूला मोठा बंगला, त्यात एकटी म्हातारी, पोरं दुबईला, रात्री सोबतीला बाई पाहिजे. सुमन तिच्या सोबतीला झोपायला जाते. हे ऐकायला बरं होतं. सोबतीला जाणं म्हणजे पुण्याचं काम. राखण करणं म्हणजे नवरा घरात बसलाय.

आमच्या शेजारी तारामावशी राहायच्या. मिठागराकडच्या गावातल्या. त्यांना सगळं जाणून घ्यायचं असायचं, आणि जाणून घेतलं की मदत करायची असायची.

"कोन गं ती म्हातारी? नाव काय तिचं?"

सुमनने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सगळे मोठीआई म्हणतात."

"दुखतंय काय तिचं?"

"गुडघे," मी म्हणालो.

"गुडघे तर माझे बी दुखतात. मला कोन सोबत देतंय? माझा म्हातारा बाजूला झोपून घोरतो, ती काय सोबत झाली?"

दोन दिवसांनी त्यांनी गुडघ्याला चोळायला तेलाची बाटली दिली. मोठीआईसाठी. लसूण आणि ओवा जाळून केलेलं. ती बाटली सुमन पिशवीत घालून न्यायची आणि परत आणायची. रात्री राउंड मारून पाय भरले की तिने तेच तेल स्वतःच्या पायांना लावलं. सकाळी तारामावशी विचारायच्या, उतार पडला काय. सुमन म्हणायची, हो, म्हातारी म्हणाली हात गुणाचा आहे तुमचा. मावशी दिवसभर खूश.

सुमनला त्यात गंमत वाटायची. ती मला सांगायची, आज मोठीआईने पेज मागितली. आज मोठीआई मला म्हणाली, तुझा नवरा कसा आहे गं. मी सांगितलं, बोटं कमी आहेत, बाकी ठीक. मी चिडायचो. ती तोंडाला पदर लावून हसायची.

कपडे मात्र हसण्यासारखे नव्हते. खाकी कापड जाड. बाहेर दोरीवर घालायची सोय नाही, मीच मनाई केलेली. कपाटाच्या मागे सुतळी बांधून तिथे वाळवायचो. थंडीत, त्या दमट खोलीत, ते कधीच पुरतं वाळायचं नाही. पँटचा कमरेचा भाग ओलाच राहायचा. ती तसंच ओलं घडी करून पिशवीत घालायची, वर डबा, डब्यावर फडकं. खोलीला त्या ओल्या खाकीचा वास भरून राहायचा. अजून कधी बंद खोलीचं दार उघडलं आणि तसा वास आला की मी बाहेरच थांबतो.

बूट दिवसा तांदळाच्या डब्यामागे, रात्री पिशवीच्या तळाशी. काठी आणि शिटी तर मी हॉस्टेलवरच ठेवायला लावलेली. सोबतीला जाणाऱ्या बाईच्या हातात काठी कशाला? आणि बॅटरी? बॅटरी एकदा तिने घरी आणली, तर मी म्हणालो, बंगल्याला लाइट नाही का असं कोणी विचारलं तर? तिने बॅटरी परत नेली.

म्हणजे काय, तर ती संध्याकाळी साडीत, चपला घालून, पिशवी काखेत धरून निघायची. रिक्षाने फाट्यापर्यंत. फाट्यापासून आत पंधरा मिनिटं चालत. दोन्ही बाजूला केळी, एका बाजूला पाण्याचा पाट, मध्ये एक दगडी क्रूस, मग परत केळी. खांब होते, दिवे असले तर असायचे. हॉस्टेलवर पोचली की जिन्याखालच्या खोलीत कपडे बदलायची, आणि मग ती गार्ड व्हायची. त्याच्या आधी नाही.

जानेवारीत कधीतरी, सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "अहो, मी कपडे घरूनच घालून गेले तर? वरून शाल घेते. रस्त्यात बरं पडेल."

मी म्हणालो, "का? रस्त्यात काय आहे?"

ती म्हणाली, "काही नाही. बदलायला वेळ जातो."

मी म्हणालो, "माझी काही इज्जत ठेवशील की नाही चाळीत?"

ती चहा प्यायली. कप धुतला. परत तो विषय तिने काढला नाही. रस्त्यात काय आहे, हे मी विचारलं खरं. पण उत्तर ऐकायला थांबलो नाही. रात्री मी जागा असायचो, हे खरं. लोकांना वाटेल काळजीने. काळजीने नाही. मला भीती असायची की चाळीतला कोणी त्या फाट्याकडे गेला आणि त्याने बघितलं तर. रात्र रात्र मी एवढाच विचार करायचो. आज ते आठवलं की स्वतःची किळस येते.

पुढच्या पावसाळ्यानंतर मला एका गोदामात बसून करायचं काम मिळालं आणि तिने राखणीचं काम सोडलं. मग प्रश्न आला म्हातारीचा. सोबत का थांबली, याला कारण पाहिजे. आम्ही दोघांनी बसून तिला मारायचं ठरवलं. सुमन म्हणाली, "मारू नका हो. पोरांनी दुबईला नेली म्हणू." मी म्हणालो, दुबईहून ती पत्र पाठवणार का, मावशी विचारत बसतील. मेलेली बरी. तशी ती मेली. तारामावशी आमच्याकडे येऊन खरंच रडल्या. सुमनच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पोरी, तू होतीस म्हनून तिला अंधाराची भीती नाय वाटली." सुमनही रडली. मला तेव्हा वाटलं, काय नाटक करते ही. नाटक नव्हतं. त्या खोलीत अंधाराची भीती कुणाला वाटली होती, ते तिला एकटीला माहीत होतं.

मागच्या आठवड्यात गेम पुन्हा पहिल्यापासून लावला. पहिल्या चित्राकडे मी आधी नीट बघितलंच नव्हतं. वॉचमन गाडीतून उतरतो आणि रस्त्याने चालत बिल्डिंगकडे जातो. निळा शर्ट अंगात आहे. बॅटरी हातात आहे, पेटलेली. पट्ट्याला काठी. तो रस्त्यापासूनच वॉचमन आहे. ठिपक्यांचा तो माणूस, ज्याला आई नाही, बाप नाही, त्याला सुद्धा ज्याने बनवला त्याने अंधारात रिकाम्या हाताने चालवलं नाही. मी मोबाइल बंद केला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सायली वाल सोलत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. हॉस्टेल, खाकी, मोठीआई, सगळं. मला वाटलं ती चकित होईल. ती वाल सोलत राहिली.

"मला माहीत आहे बाबा."

"काय माहीत आहे?"

"आई वॉचमन होत्या ते. मला लेट शिफ्ट लागली होती ना, तेव्हा सांगितलं त्यांनी. स्टेशनवरून येताना मी घाबरायचे. तर म्हणाल्या, घाबर, पण चालत राहा. थांबलीस तर तो पण थांबतो."

"तो कोण?"

तिने हात थांबवले. मला तेव्हाच कळलं की हे तिला सांगायचं नव्हतं.

"सायली, कोण?"

"एक माणूस होता म्हणे. सायकलवाला. फाट्यापासून मागे यायचा. बोलायचा नाही, हात लावला नाही. फक्त मागे. सायकलवर न बसता, सायकल हातात धरून चालत. टक टक टक असा आवाज यायचा चाकाचा. महिनाभर तरी. आई क्रूसापाशी पोचल्या की तिथे मेणबत्ती असायची कोणीतरी लावलेली. तिथे थांबून त्या श्वास घ्यायच्या आणि पुढे पळायच्या. आणि गंमत सांगू? हॉस्टेलवरून एकदा पूर्ण ड्रेसमध्ये फाट्यापर्यंत आल्या होत्या, कुणा मुलीला सोडायला. तो तिथेच होता. त्याने बघितलं आणि सायकलवर बसून निघून गेला. ओळखलंच नाही म्हणे."

कपडे घरूनच घालून गेले तर, रस्त्यात बरं पडेल. जानेवारीतला तो चहा माझ्या घशाशी आला.

"मला का नाही सांगितलं तिने?"

"सांगून तुम्ही काय केलं असतं बाबा?"

"सोडवलं असतं काम."

"म्हणूनच." ती परत वाल सोलायला लागली. मग म्हणाली, "रागाने नव्हत्या सांगत हां. हसत सांगत होत्या."

ती हसत सांगायची हे मला माहीत आहे. तिने मरताना सुद्धा नर्सला हसत विचारलं, रात्रपाळीला चहा देतात का गं तुम्हाला. हसण्यावरून काही कळत नाही.

परवा मी गेलो. सायलीला सांगितलं, पाय मोकळे करून येतो. कानटोपी घातली, शाल घेतली. काठी घेतली नाही. बॅटरी घेतली नाही, मोबाइल मुद्दाम घरी ठेवला. रिक्षाने फाट्यावर उतरलो तेव्हा साडेआठ झाले असतील. तिची वेळ.

रस्ता आता डांबरी आहे. सुरुवातीला दोन नव्या बिल्डिंगी, एक मेडिकल. नंतर मात्र तेच. केळी, पाट, धुराचा वास. खांबावरचे दिवे पांढरे आहेत, पण एक सोडून एक बंद. उजेडातून अंधारात शिरलं की काही क्षण काहीच दिसत नाही, आणि दिसायला लागेपर्यंत केळीची पानं एकमेकांना घासतात, तो आवाज थेट माणूस चालल्यासारखा. मी मनात म्हणत होतो, अरे, तू पुरुष आहेस, म्हातारा आहेस, तुझ्याकडे कोणाला काय पाहिजे? पण मान ताठ झाली होती. मागे वळून बघायची हिंमत होईना आणि न बघता चालवेना. पाच मिनिटांत धाप लागली. दोन खांबांच्या मधल्या अंधारात, केळीच्या कुंपणाला टेकून मी उभा राहिलो.

तेवढ्यात मागून पावलं आली. चपलांची, भरभर. आणि एकदम थांबली.

मी बघितलं. खांबाच्या उजेडात एक बाई उभी होती. पंचवीस-तिशीची, खांद्याला मोठी पिशवी. तिने मला बघितलं होतं. म्हणजे तिने काय बघितलं, तर अंधारात एक उंच पुरुष, तोंडावर कानटोपी, हात शालीत, काही न करता उभा.

तिने फोन कानाला लावला. वाजला नव्हता, तिने नंबरही फिरवला नव्हता. मोठ्याने म्हणाली, "हां दादा, दिसतोयस तू मला. गेटवरच थांब. आलेच." पुढे ना दादा होता ना गेट. नुसता अंधार.

मला सांगायचं होतं, बाळा, घाबरू नको, मी म्हातारा माणूस आहे. पण नाही सांगितलं. अंधारातून पुरुषाचा आवाज आला की तो काय बोलतो ते कोण ऐकतं. परत फिरावं तर तिच्या अंगावर चालून जाणार. पुढे जावं तर तिच्या वाटेत, पुढच्या अंधारात मीच. काय केलं तरी मी तिथे होतोच.

शेवटी मी कानटोपी काढली. दोन्ही हात शालीबाहेर काढून लांब धरले. रस्त्यावरून खाली उतरलो आणि तिच्याकडे पाठ करून, केळीच्या पानांकडे तोंड करून उभा राहिलो. शाळेत मास्तर उभं करायचे तसा. हललो नाही.

ती बराच वेळ आली नाही. मग आली. रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, हळू. माझ्या बरोबर मागे आली तेव्हा तिचा श्वास ऐकू आला. सरळ श्वास नव्हता. तुकडे तुकडे, आत ओढलेला, बाहेर न सोडलेला. पुढे गेल्यावर चपलांचा वेग वाढला. मग ती पळायला लागली. लांबपर्यंत ऐकू येत होतं, आणि मग कुठेतरी लोखंडी फाटक जोरात आपटलं.

किती भीती वाटायची, हे आता कुणाला विचारायला नको होतं.

ती पोचली होती. रस्ता मोकळा होता. मी वळून घरी जायला हरकत नव्हती. पण मला वळता येईना. पानावरचं गार पाणी कपाळावर टपकत होतं आणि मी तसाच उभा होतो. मला वाटत होतं, मी मागे वळेन, आणि त्या खांबाखाली सुमन उभी असेल, साडीत, पिशवी काखेत धरून, आणि ती मला बघून घाबरेल.